प्रतिसाद: नळीच्या बुचातलं भोक

'मेकिंग अ मर्डरर' ही अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एका महिलेच्या खुनासाठी शिक्षा झालेल्या स्टीव्हन एव्हरीवरची माहितीपट मालिका. तिच्यात दाखवलेली, बुचाला भोक असलेली एव्हरीच्या रक्ताची नळी पाहून पोलिसांनीच त्या महिलेच्या गाडीत त्याचं रक्त पेरल्याची खात्री पटली, असं एका प्रेक्षकाने लिहिलंय. त्या नळीच्या रबरी बुचाला भोक असणारच. आत निर्वात असतं, सुई बुचातून टोचली की रक्त आपोआप ओढलं जातं. आपल्याकडच्या पॅथॉलॉजी लॅबमधल्या जांभळ्या टोपणाच्या नळीतही असंच होतं. तिच्यात रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचं रसायन घातलेलं असतं. रक्त अशा नळीतून आणलं असतं तर ते डागांतही दिसायला हवं होतं, पण एफबीआयला गाडीतल्या डागांत ईडीटीए आढळलं नाही. अर्थात, 'आढळलं नाही' म्हणजे 'नव्हतंच' असं नाही, हा बचाव पक्षाचा आक्षेप योग्यच होता. पण त्याच गाडीच्या बॉनेटच्या खटक्यावर सापडलेला एव्हरीचा डीएनए मालिकेने दाखवलाच नाही, हे मला फार खटकतं.

खरी शंका घ्यायला हवी ती याच खुनात शिक्षा झालेल्या एव्हरीच्या भाच्याच्या, ब्रेंडन डॅसीच्या, कबुलीजबाबावर. सोळा वर्षांचा मुलगा, चौकशीत शेजारी वकील नाही, आणि डोक्यात गोळी मारल्याचं अधिकाऱ्यांनीच आधी सुचवलं. 2017 साली अपील न्यायालयात तो न्यायाधीशांच्या 4 विरुद्ध 3 मतांनी हरला.

या दोघांच्या माफीच्या अर्जावर सव्वा लाखाहून जास्त सह्या झाल्या, त्याही व्हाइट हाउसकडे. राज्याच्या कायद्याखालची शिक्षा राष्ट्राध्यक्ष माफ करूच शकत नाहीत, तो अधिकार विस्कॉन्सिनच्या गव्हर्नरांचा.