मदत हवी आहे : कानाच्या पाळीवरील केलॉइडसाठी इंजेक्शन की शस्त्रक्रिया?

माझ्या मुलीने कानाच्या पाळीला दुसरे छिद्र पाडून घेतल्यानंतर काही महिन्यांनी त्याच जागी, मागच्या बाजूने, वाटाण्याएवढी टणक, गुळगुळीत आणि किंचित तांबूस गाठ आली असून ती छिद्राच्या कडेबाहेर पसरत चालली आहे. खाज सुटते, पू किंवा ताप नाही. त्वचारोगतज्ज्ञांच्या मते ही सिस्ट (पिशवीसारखी गाठ) नसून केलॉइड, म्हणजे जखम भरताना व्रणाची ऊती जास्त वाढून झालेली गाठ, आहे, आणि केलॉइड नुसते कापून काढल्यास पुन्हा, कधी पूर्वीपेक्षाही मोठे, वाढू शकत असल्याने त्यांनी आधी गाठीतच ट्रायॅमसिनोलोनची (एक स्टिरॉइड औषध) इंजेक्शने काही आठवड्यांच्या अंतराने सुचवली आहेत. (शेजारच्या काकूंचा चुन्याचा लेप आम्ही नम्रपणे नाकारला.) ज्यांनी हे उपचार घेतले, त्यांची गाठ कितपत बसली, त्वचा पातळ किंवा पांढरट झाली का, आणि शस्त्रक्रियेनंतर दाब देणारे कानातले किती काळ वापरावे लागले, हे कृपया सांगावे.