शतावरीने फरकच नाही, मात्रा वाढवू का? (नागपूर)

अबोली_नागपूर
दीड महिना झाला, रोज सकाळी एक चमचा शतावरी चूर्ण गरम दुधातून घेऊन राहिली. इतवारीतून आणलं. पेल्याच्या बुडाशी अर्धं तसंच चिकटतं, तेही बोटाने पुसून खाते. काडीचा फरक नाही. दोन चमचे करू का? सोबत अजून काय घेऊ? लवकर सांगा, घरातली कुरबुर आता सहन होत नाही.

विदर्भकन्या
ताई, घेता कशासाठी ते लिहिलंच नाही. वय किती? पाळी सुरू आहे?

रेशीमबागच्या_काकू
माझ्या सुनेला शतावरी कल्प अन् हळिवाचे लाडू दिले, पंधरा दिवसांत दूध भरपूर. लाडवाची कृती देते उद्या.

अबोली_नागपूर
काकू, दुधासाठी नाही हो, माझी मुलगी कॉलेजात आहे. संबंधाच्या वेळी खाली कोरडं पडतं, आग होते, मग दोन दिवस लघवीलाही जळजळतं. आता मनच होत नाही. वय ४६. पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी तीन.

विदर्भकन्या
मन होत नाही म्हणून दुखतं, की दुखतं म्हणून मन होत नाही?

अबोली_नागपूर
दुखणं आधी. दिवाळीपासून.

निसर्गोपासक
नुसत्या शतावरीने होत नसतं. अश्वगंधा जोडा, रात्री अर्धा चमचा. आमच्या घरी महिनाभरात फरक पडला. वनस्पती आहे, अपाय नाही.

सिस्टर_मानेवाडा
थांबा जरा. ताई, थायरॉईडची गोळी चालू आहे का?

अबोली_नागपूर
हो, सहा वर्षांपासून. सकाळी त्याच दुधासोबत घेते. त्याचा इथे काय संबंध?

सिस्टर_मानेवाडा
आहे ना! ती गोळी उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत घ्यायची, पुढे अर्धा-एक तास काही नाही. दुधातल्या कॅल्शियमने ती नीट शोषली जात नाही. थायरॉईड कमी पडलं की थकवा येतो, इच्छाही मंदावते. अश्वगंधेने थायरॉईडची पातळी बदलू शकते, काहींच्या यकृतालाही इजा झालेली आहे. २०२३ मध्ये डेन्मार्कने तिच्यावर बंदी घातली.

निसर्गोपासक
डेन्मार्कचं आम्हाला काय सांगता? आपल्या वैद्यांनी शेकडो वर्षं दिली आहे.

विदर्भकन्या
वैद्य नाडी पाहून, चालू औषधं विचारून देतात. तुम्ही न विचारताच देऊन राहिले. ताई, धुवायला काही वापरता का?

अबोली_नागपूर
शेजारच्या वहिनींनी तुरटीचं पाणी सांगितलं. दोन्ही वेळ घेते. घट्टपणा येतो म्हणाल्या.

विदर्भकन्या
बंद करा, आजच. मीही बाळंतपणानंतर केलं होतं, आतली त्वचा सोलल्यासारखी झाली होती. तुरटी ओलावा ओढते, तुमचं तर आधीच कोरडं आहे. बाहेरून साधं पाणी पुरे, आत काहीच नको.

महालकर
चूर्ण नेमकं कोणत्या दुकानातलं? पावसाळ्यात मुळ्यांना कीड लागते, जुना माल दळून देतात. मुळ्या आणून घरीच कुटा.

रेशीमबागच्या_काकू
खोबरेल लावा, आमच्या काळी तेच होतं.

सिस्टर_मानेवाडा
निरोध वापरत असतील तर तेल नको, रबर फाटतं. पाळी अनियमित आहे, म्हणजे दिवस राहू शकतात अजून. मेडिकल स्टोअरमध्ये ओलाव्यासाठी लावायची पाण्याची जेली मिळते, तेल नसलेली, ती आणा. या वयात इस्ट्रोजेन हे बाईचं हार्मोन घटतं, आतली त्वचा पातळ होते, म्हणून कोरडेपणा. शतावरी दुप्पट करून तो जायचा नाही. त्यावर लावायची इस्ट्रोजेनची क्रीम असते, पण डॉक्टरांनी तपासून दिली तरच. लघवी, साखर अन् थायरॉईडची तपासणी करा. संबंधानंतर रक्त जातं का?

अबोली_नागपूर
दोनदा गेलं. लाजेने लिहिलं नव्हतं.

सिस्टर_मानेवाडा
मग याच आठवड्यात दाखवा. बहुतेकदा कोरडेपणानेच जातं, पण गर्भाशयाचं तोंड तपासायलाच हवं.

अबोली_नागपूर
तुरटी फेकली. सोमवारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत जाते. यांना सोबत नेऊ का? ते म्हणतात, तुझ्या मनातच नाही.

विदर्भकन्या
न्या. दुखतं हे त्यांनी डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या.

सिस्टर_मानेवाडा
पाळीच्या तारखा लिहून न्या. गोळ्यांची पाकिटं अन् चूर्णाचा डबाही पिशवीत टाका, डॉक्टर विचारतील.