मदत हवी आहे : डेस्कटॉप कधी चालू होतो, कधी होतच नाही (तातडीचे)

मांडवी | ८ जुलै, सकाळी १०:०५

नमस्कार. घरचा डेस्कटॉप तीन आठवडे त्रास देतोय. कधी पहिल्या झटक्यात चालू होतो, कधी दहा वेळा बटण दाबलं तरी नाही. एकदा चालू झाला की दिवसभर काही तक्रार नाही. टॅली, एक्सेल, प्रिंटर सगळं नीट. काल दुपारी दुकानातला मुलगा येऊन गेला. त्याच्यासमोर पाच वेळा बंद-चालू केला, पाचही वेळा लगेच सुरू झाला. ३०० रुपये घेतले आणि "विंडोज करप्ट आहे, फॉरमॅट मारायला लागेल" म्हणाला. आज सकाळी पुन्हा तेच.

मी घरून हिशेबाची कामं करते. तीन पार्ट्यांचा जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरण) ११ तारखेच्या आत, तिमाहीवाल्या दोघांचा १३ च्या आत जायलाच हवा. फॉरमॅट सोडून काहीही सांगा, पण लवकर सांगा.

अजित_२२ | १०:१२

रॅम. पावसाळ्यात कोकणात हेच होतं. दमट हवेने रॅमच्या सोनेरी पट्टीवर थर बसतो. वायर काढा, कॅबिनेट उघडा, रॅम काढून पट्टी पांढऱ्या खोडरबराने दोन्ही बाजूंनी हलकेच घासा, भुगा झटका, क्लिपा टक् वाजेपर्यंत दाबून बसवा. चिपळूणच्या आमच्या ऑफिसात चार मशीन आहेत, दर जूनमध्ये मी स्वतः करतो.

तारवाला | १०:३०

ताई, "चालू होत नाही" यात निदान चार वेगळे आजार येतात. बटण दाबल्यावर पंखा फिरतो का? फिरत राहतो की थांबतो? पुढचा दिवा लागतो का? बीप ऐकू येते का? मशीन किती वर्षांचं? यूपीएसवर आहे की थेट? एवढं लिहा, मग बोलू.

मांडवी | १०:४१

अहो, चालू होत नाही म्हणजे होत नाही. स्क्रीन काळी. विंडोजपर्यंत जातच नाही.

तारवाला | १०:४४

स्क्रीन काळी हे मॉनिटरचं झालं. मला खालच्या डब्याचं हवंय. खाली वाकून बघा आणि जे दिसेल ते जसंच्या तसं लिहा.

सह्यकडा | १०:५२

विंडोज १० असेल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली) टाका. जुन्या मशीनवर सुंदर चालतं. मी २०१९ पासून विंडोजला हात लावलेला नाही.

केपी | १०:५८

@सह्यकडा, त्या लिहितायत की विंडोजपर्यंत मशीन जातच नाही. मिंट टाकायला तरी आधी ते चालू व्हायला हवं ना? आणि त्यांचं पोट टॅलीवर आहे, ते विंडोजवरच चालतं.

मांडवी | ११:१०

बघितलं. बटण दाबलं की पुढचा निळा दिवा क्षणभर लागतो, मागचा पंखा अर्धा फेरा फिरतो आणि सगळं थांबतं. आवाज काही नाही. मग पुन्हा दाबलं तर कधी काहीच नाही, कधी तेवढंच. असं करत करत सात-आठ वेळांनी चालू झाला, आता त्यावरूनच लिहितेय.

मशीन २०१५ चं, इथेच जुळवून घेतलेलं. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम. हार्ड डिस्क काढून तीन वर्षांपूर्वी एसएसडी टाकली. बाकी सगळं मूळचं. यूपीएसची बॅटरी मार्चमध्ये गेली, तेव्हापासून थेट भिंतीतल्या सॉकेटवर आहे.

तारवाला | ११:२५

आता कळलं. पहिलं काम: आत्ता चालू आहे ना, मग टॅलीचा डेटा पेनड्राइव्हवर घ्या. आजार शोधायचा तो नंतर.

@अजित_२२, रॅम सैल असली तर बहुतेक वेळा पंखे फिरत राहतात आणि स्क्रीन येत नाही, किंवा बीप वाजते. इथे पंखा अर्धा फेरा मारून पॉवरच सुटतेय, आणि एकदा उठल्यावर दिवसभर अडकत नाही. माझा संशय एसएमपीएसवर, म्हणजे भिंतीतली वीज संगणकाला लागते तशी करून देणाऱ्या आतल्या डब्यावर. मूळचा म्हणजे अकरा वर्षं झाली त्याला.

अजित_२२ | ११:३१

काही मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात ती मुख्य पाटी) रॅम नाही मिळाली की स्वतःच बंद-चालू होत राहतात, तेही बघितलंय. खोडरबराला पाच रुपये लागतात, एसएमपीएसला दोन-अडीच हजार. आधी स्वस्त उपाय करून बघायला काय हरकत आहे?

तारवाला | ११:३४

हरकत नाही. फक्त ११ तारीख डोक्यावर असताना चालू मशीन उगाच उघडू नये, एवढंच.

दूरदेशी | ११:४०

तुमच्याकडे पावसात व्होल्टेज कमी येत असेल. एसएमपीएसच्या मागे ११५/२३० असा छोटा लाल स्विच असतो. तो ११५ वर केला तर कमी व्होल्टेजवरही उचलेल. न्यू जर्सीत आमच्याकडे १२० व्होल्टच येतात, जुना पीसी त्यावरच चालायचा.

तारवाला | ११:४२

हे कोणीही करू नका. आपल्याकडे २३० व्होल्ट येतात. स्विच ११५ वर ठेवून वीज दिली की आतल्या कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) दुप्पट दाब पडतो आणि एसएमपीएस फुटतो, कधी मदरबोर्डही घेऊन जातो. पुण्यात दुरुस्तीचं दुकान चालवत होतो तेव्हा अशी फुटलेली मशीनं हाताळली आहेत. @दूरदेशी, कृपया तो प्रतिसाद संपादित करा, घाईत कोणी वाचून करून बसेल.

दूरदेशी | ११:५५

संपादनाची वेळ उलटली. काका, माझं चुकलं. कृपया कोणीही माझा वरचा सल्ला पाळू नका.

केपी | दुपारी १२:०५

ताई, मशीन उशिरा चालू झालं की घड्याळ बरोबर दाखवतं का? तारीख?

मांडवी | १२:२०

नाही, तारीख रोज चुकलेली असते. बहुतेक वेळा १ जानेवारी. जीएसटीचं पोर्टल उघडत नाही, ब्राउझर म्हणतो कनेक्शन सुरक्षित नाही. मी हाताने तारीख बदलते मग उघडतं. हे तर मार्चपासून चाललंय, त्याचा याच्याशी काय संबंध?

केपी | १२:२४

संबंध आहेच! मदरबोर्डवरचा सेल संपलाय. सीआर२०३२, गोल बटणासारखा, ३ व्होल्टचा, घड्याळवाल्याकडेसुद्धा मिळतो. माझा पीसी २०२१ मध्ये असाच हट्टाला पेटला होता, सेल बदलला आणि सुटला. एसएमपीएसवर पैसे घालू नका.

तारवाला | १२:४०

सेल संपलाय हे नक्की, आणि बदलायलाच हवा. पण सेल मेल्याने तारीख जाते, बायोसची (विंडोजच्या आधी मशीन उठवणाऱ्या प्रोग्रामची) सेटिंग जाते. काही बोर्ड त्यापायी चालू व्हायला कुरकुरतात हेही खरं. मार्चपासून तारीख जातेय आणि चालू न होणं तीन आठवड्यांचं आहे, हे मात्र जुळत नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

केपी | १२:४३

माझा झाला होता, काका. मी पुस्तकातलं सांगत नाहीये.

तारवाला | १२:४५

तुमचा झाला यावर माझा विश्वास आहे. त्यांचा त्यानेच होतोय, एवढंच मान्य नाही.

स्वानंद_के | १:१०

धागा चांगला आहे म्हणून इथेच विचारतो. माझा लॅपटॉप चार्जर लावला की ५९ टक्क्यांवर अडकतो, पुढे जात नाही. बॅटरी गेली का?

मीनल_जे | १:३०

@स्वानंद_के, बॅटरी जपण्यासाठी ६० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते, ती बघा. बाकी वेगळा धागा काढा, इथे मांडवीताईंचं काम अडलंय.

मांडवीताई, एक विचारू? रात्री काम संपल्यावर भिंतीवरचं बटणही बंद करता का?

मांडवी | १:५०

अर्थात. पावसात विजा होतात, सासूबाई रात्री सगळ्या घराची बटणं बंद करून मगच झोपतात. यूपीएस होता तेव्हा तो मात्र चालू राहायचा.

आणि आता तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं. मागच्या गुरुवारी भिंतीवरचं बटण लावलं आणि देवपूजेला बसले. वीसेक मिनिटांनी आले तर पहिल्या झटक्यात चालू झाला. काल तो मुलगा आला तेव्हासुद्धा भिंतीवरचं बटण सकाळपासून चालूच होतं.

तारवाला | २:१५

मीनलताई, नेमका प्रश्न विचारलात. मी तो सकाळीच विचारायला हवा होता.

ताई, आता नीट समजावतो. भिंतीवरचं बटण लावलं की संगणक बंद असला तरी एसएमपीएसचा एक छोटा भाग जागा होतो आणि जांभळ्या वायरीवर ५ व्होल्ट सोडत राहतो. याला स्टँडबाय म्हणतात. पुढचं बटण दाबलं की या ५ व्होल्टच्या जोरावर मदरबोर्ड हिरवी वायर ग्राउंडला, म्हणजे काळ्या वायरीला टेकवतो, आणि मग मोठा पुरवठा सुरू होतो. त्या छोट्या भागातले कपॅसिटर दहा-अकरा वर्षांत सुकतात. सुकलेला कपॅसिटर गार असताना अगदीच नालायक असतो, थोडा तापला की बरा वागतो. बटण दाबताक्षणी स्टँडबाय खचतो, बोर्डाच्या हातून हिरवी वायर सुटते, म्हणून तुमचा पंखा अर्धा फेरा मारून थांबतो. वीस मिनिटं वीज मिळाली की तो भाग तापतो आणि काम होतं. मार्चपर्यंत यूपीएसमुळे रात्रभर वीज मिळत होती, म्हणून दुखणं झाकलेलं राहिलं. त्यानंतर रोज सकाळी गार उठायची वेळ आली आणि जूनमध्ये पार कोसळला.

तारखेचंही तेच. सेल मेलेला असला तरी स्टँडबाय असताना घड्याळ चालतं. रात्री वीज तोडली की तारीख जाते. @केपी, तुमचा सेल आणि माझा एसएमपीएस, दोन्ही खरे निघाले.

११ तारखेपर्यंतचा उपाय: सकाळी उठल्यावर भिंतीवरचं बटण लावा, अर्ध्या तासाने पुढचं दाबा. विजा कडाडत असतील तर मात्र प्लगच काढून ठेवा, तिथे घाई नको.

खात्री हवी असेल तर मल्टिमीटर असलेलं कोणी आहे का घरात?

मांडवी | २:३०

भाचा आयटीआयला आहे, इलेक्ट्रिशियन ट्रेड. उद्या येईल. तो एसएमपीएस उघडून कपॅसिटर बदलतो म्हणतोय.

तारवाला | २:३४

उघडू देऊ नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतो. अनुभवी माणसाचं काम आहे ते. बाहेरून मोजू द्या: काळा प्रोब काळ्या वायरीवर, लाल प्रोब २४ पिनच्या प्लगमध्ये मागून जांभळ्या वायरीला. बटण लावल्याबरोबर एकदा, पंधरा मिनिटांनी एकदा. ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये यायला हवं.

अजित_२२ | ३:००

भाचा येतोय तर रॅमही पुसून घ्या. एकदाच उघडायचं आहे.

मांडवी | ९ जुलै, सकाळी ९:२०

भाच्याने मोजलं. बटण लावल्याबरोबर ४.१, आणि त्याच वेळी पुढचं बटण दाबलं तर ३ च्या खाली जाऊन परत वर. पंधरा मिनिटांनी ४.९, तेव्हा दाबलं, चालू झाला. काका, तुम्ही म्हणालात तसंच.

आता कोणता घेऊ? दुकानदार ६५० वॅटचा घ्या म्हणतोय. आणि कॅबिनेटला हात लावला की बोटांना मुंग्या येतात, तेही यानेच का?

केपी | ९:३५

मानलं, काका. सेल तेवढा विसरू नका, ताई.

तारवाला | ९:५०

ग्राफिक्स कार्ड नाही ना? मग ६५० लागत नाही. ४०० ते ४५० पुरे, पण ८० प्लसचं (वीज कमी वाया घालवतो याचं) प्रमाणपत्र असलेला आणि किमान तीन वर्षं वॉरंटीचा घ्या. बसवताना २४ पिनचा मोठा प्लग सगळ्यांना आठवतो. प्रोसेसरजवळचा ४ पिनचा छोटा प्लग विसरला की पंखे फिरतात आणि स्क्रीन येत नाही. भाच्याला सांगून ठेवा.

मुंग्यांचं कारण अर्थिंग. एसएमपीएसमधले फिल्टरचे कपॅसिटर थोडी वीज डब्यावर सोडतात, ती अर्थमध्ये जायला हवी. अर्थ तुटलेलं असलं की ती तुमच्या बोटात जाते. नवीन एसएमपीएस लावूनही मुंग्या येतीलच.

निळूभाऊ | १०:२०

रत्नागिरीच्या कातळावर अर्थिंग हा मोठा प्रश्न आहे. जांभ्यात खड्डा मारला तरी मे महिन्यात ओल राहत नाही. आमच्या वडिलांनी मीठ-कोळसा घालून पट्टी पुरली होती आणि उन्हाळाभर आईने रोज एक कळशी पाणी त्यात ओतलं. पावसात मुंग्या येत असतील तर पट्टीची वायरच गंजून तुटली असणार. वायरमन बोलवा, घरच्या घरी उद्योग नकोत.

सह्यकडा | ११:००

सगळं झाल्यावर एकदा मिंटचा पेनड्राइव्ह लावून बघाच. काही इन्स्टॉल न करता चालतं.

मांडवी | १३ जुलै, संध्याकाळी ६:४०

उशिरा कळवतेय, क्षमा करा. १० तारखेला ४५० वॅटचा एसएमपीएस आणि सेल बसवला. भाच्याने ४ पिनचा प्लग आधी लावला, मग बाकीचे. अजितदादा, रॅमही पुसून घेतली. तीन दिवस सकाळी भिंतीवरचं बटण लावल्याबरोबर पुढचं दाबतेय, तिन्ही दिवस पहिल्या झटक्यात. तारीख बरोबर. तिघांचे रिटर्न ११ ला दुपारी गेले, तिमाहीवाले दोघांचे आज. काका, मीनल, केपी, सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या दिवशी मी जरा तुटक बोलले, राग मानू नका.

मुंग्या अजून आहेत. वायरमन गुरुवारी येतो म्हणालाय.

तारवाला | ७:०५

राग कसला. त्याला न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये किती व्होल्ट येतात ते सॉकेटवर मोजायला सांगा, आणि आकडा इथे लिहा. दोन-तीनच्या वर असेल तर पुढचं बघू. तोवर ओल्या हाताने आणि अनवाणी त्या कॅबिनेटजवळ जाऊ नका, खाली रबरी चटई टाका.