बलाढ्य परक्या देशाबद्दल लोकांना काय वाटतं: सर्वेक्षणवाल्यांचे अनुभव

प्रश्नावली करणारी
देश, तिथलं सरकार, सध्याचा राष्ट्रप्रमुख आणि तिथली माणसं यांचे प्रश्न वेगळे ठेवा. नुसतं "अमेरिका कशी वाटते?" विचारलं तर एकाला युद्ध आठवतं, दुसऱ्याला विद्यापीठं, उत्तरांची बेरीज निरर्थक ठरते. प्यू ही अमेरिकन सर्वेक्षण संस्था २००२ पासून अनेक देशांत हे विचारते आहे. इराक युद्धानंतर बऱ्याच ठिकाणी अमेरिकेबद्दलचं मत घसरलं, पण अमेरिकन माणसांबद्दलचं बहुधा त्याहून बरं राहिलं. एकच प्रश्न असता तर हे दिसलंच नसतं.

पर्याय चार: खूप चांगलं, थोडं चांगलं, थोडं वाईट, खूप वाईट. "सांगता येत नाही" वाचून दाखवू नका. कुणी आपणहून म्हणालं तर मात्र नोंदवाच.

सगळ्यात जास्त घात प्रश्नांच्या क्रमामुळे होतो. १९४८ साली अमेरिकेत लोकांना विचारलं, कम्युनिस्ट देशांच्या पत्रकारांना इथे येऊन हवं तसं वार्तांकन करू द्यावं का? सुमारे ३७ टक्के हो म्हणाले. दुसऱ्या गटाला आधी अमेरिकन पत्रकारांना रशियात तशी मुभा असावी का, हे विचारलं आणि मग तोच प्रश्न घातला. होकार ७३ टक्क्यांवर गेला. आपल्यासाठी मागितलेलं दुसऱ्याला नाकारणं जड जातं. म्हणून निम्म्या लोकांना उलट क्रम द्या.

मुलाखती घेणारा
वरच्यात भर घालतो. शेजारी जमले की माणूस चारचौघांत शोभेल असं बोलतो, म्हणून शक्यतो एकट्याला गाठा. मान डोलावू नका. "असं का वाटतं?" हे पर्याय निवडून झाल्यावर विचारा आणि उत्तर त्याच्याच शब्दांत लिहा. त्या देशातल्या कुणाशी कधी बोलणं झालंय का, हेही विचारा, पण शेवटी. तारीख न चुकता टाका. त्या आठवड्यात निर्बंध किंवा हल्ल्याची बातमी असेल तर उत्तरं तिचीच असतात.

आकडे मांडणारी
विशेषणांची यादी जपून वापरा. युनेस्कोसाठी १९४८-४९ मध्ये नऊ देशांत कष्टाळू, क्रूर, शूर, शांतताप्रिय अशी १२ विशेषणं परक्या देशांच्या माणसांसाठी निवडायला दिली होती. सरकारांचं जमत असेल तर माणसंही चांगली ठरतात, हे तिथे स्पष्ट दिसलं. अशा उत्तरांना स्वभावाचं वर्णन समजू नका.

हजार जणांच्या नमुन्यात चूक अधिक-उणे ३ टक्के धरा. त्यातल्या शंभरांच्या उपगटात ती १० पर्यंत जाते. दोन फेऱ्यांत ४ टक्क्यांचा फरक आला तर "मत बदललं" असा मथळा देऊ नका.