पाच वर्षं गोठ्यात टांगलेली होडीची मोटर चालू होईल का?

बॅकवॉटरवाला
रामराम मंडळी. काकांची होडी आहे उकाईच्या बॅकवॉटरला, नवापूरकडच्या बाजूला. तिची मागे लावायची मोटर ८ एचपीची, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, कंपनीचं स्टिकर कधीच उडालंय. काका वारले तेव्हापासून कोणी हात लावला नाही, पाच वर्षं गोठ्यात बारदान गुंडाळून टांगलेली होती. आता चुलतभाऊ म्हणतो पुन्हा जाळं टाकू. परवा खाली उतरवली, टाकीत जुनं पेट्रोल होतं त्याला पार वार्निशसारखा वास, ते काढून टाकलं, नवीन भरलं, ऑइल अंदाजानेच मिसळलं आणि दोरी ओढून ओढून खांदे गेले पण साधी फटफट पण नाही. प्लग काढून बघितले तर दोन्हींत ठिणगी नाही. शहरातल्या एका मिस्त्रीला फोन केला तर तो न बघताच म्हणे सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेला, पार्ट मिळणार नाही, भंगारात द्या. खरंच गेली का? नवीन घ्यायची ऐपत नाही, यंदा कपाशीने काय दिलं ते तुम्हाला माहीतच आहे.

केळीपट्टा_रावेर
भाऊ, भंगारमा देऊ नको रे! होडीतलं मला काही कळत नाही पण टू-स्ट्रोक म्हणजे आपला कपाशीवर फवारायचा पेट्रोल पंपच की. तो एक सीझन पेट्रोल ठेवून कोपऱ्यात टाकला तर पुढच्या साली चालू होतो का? नाही होत. कार्बोरेटरची वाटी खोल, आत गुळाच्या काकवीसारखा चिकटा दिसेल. जेटचं भोक तांब्याच्या वायरीतली एक बारीक तार घेऊन साफ कर, सुई घालू नको, भोक मोठं होतं (माझा एक पंप मी असाच घालवलाय). रबरी नळ्या पण बघ, आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल धरतं आणि जुन्या रबराला खातं.

नर्मदेचा_मिस्त्री
कार्बोरेटर नंतर. आधी ठिणगी.

मी धडगावकडचा, सरदार सरोवराच्या पाण्यात आमच्याकडे पाड्यांवर जायला होडीच लागते, त्यामुळे या मोटरी हातातून बऱ्याच गेल्यात. दोन सिलिंडरपैकी एकाची ठिणगी गेली तर कॉइल किंवा प्लग म्हणता येतं, दोन्ही एकदमच गेल्या म्हणजे बिघाड दोघांना सामाईक असलेल्या जागी आहे. सीडीआय असू शकतो, पण त्याआधी एक फुकटातली गोष्ट बघा. पुढच्या बाजूला लाल बटण असेल, त्याच्या खाली एक प्लास्टिकची क्लिप बसते आणि तिला गुंडाळीची लाल दोरी असते, ती हाताला बांधायची. माणूस पाण्यात पडला की क्लिप निघते, बटण आत जातं आणि ठिणगी बंद होते. ती क्लिप जागेवर आहे का?

आणि दोरी ओढायच्या आधी दोन्ही प्लगच्या भोकांतून चमचाभर टू-टी ऑइल सोडून रात्रभर राहू द्यायला पाहिजे होतं, पाच वर्षं कोरड्या पडलेल्या रिंगा अशा ओढल्या की सिलिंडरला रेघा पडतात. असो. आता भोकावर अंगठा दाबून कोणाला तरी दोरी ओढायला सांगा, हवेने अंगठा उडाला तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, आहे.

ऑइल अंदाजाने नको. ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. पहिली टाकी लिटरला ४० मिलीची करा, धूर होईल, होऊ द्या. मोटरसायकलचं २टी नको, ही मोटर पाण्याने थंड होते, डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं घ्या.

बॅकवॉटरवाला
मिस्त्री दादा, काय सांगू. क्लिप नव्हतीच! घरभर शोधली आणि सापडली कुठे, तर आमच्या पोराच्या सायकलच्या चावीला. लाल गुंडाळीची दोरी त्याला आवडली म्हणून दोन वर्षांपासून तीच किचेन आहे. बटणाखाली बसवली, प्लग बॉडीला टेकवून दोरी ओढली तर दोन्हींत निळी ठिणगी. अंगठा पण उडाला. आता कार्बोरेटर खोलतो.

नर्मदेचा_मिस्त्री
छान. पण कोरडी चालवू नका, दहा सेकंद पण नाही. पाणी वर चढवणारा पंखा खाली पायात असतो, रबराचा, तो पाण्याशिवाय जळतो. २०० लिटरचा ड्रम घ्या, प्रोपेलरच्या वरची आडवी पट्टी बुडेल इतकं पाणी भरा, गिअर न्यूट्रल. चालू झाली की मागून पाण्याची पिचकारी उडाली पाहिजे. नाही उडाली तर लगेच बंद.

बॅकवॉटरवाला
रावेरवाले भाऊ, काकवीच निघाली, तंतोतंत! साफ करून ड्रममध्ये लावली, तिसऱ्या ओढीला चालू झाली, गोठ्यात एवढा निळा धूर की म्हैस दावं तोडायला लागली. पण पिचकारी नाही, म्हणून बंद केली. पंखा गेला का?

नर्मदेचा_मिस्त्री
असेल. पण आधी पिचकारीच्या भोकात बारीक तार घाला. गोठ्यात टांगलेली होती ना?

बॅकवॉटरवाला
तार घातली तर सुकी माती भुरूभुरू गळायला लागली! कुंभारमाशीने आत घर केलेलं, आतून दोन सुकलेले कोळीही निघाले. मग पिचकारी आली पण बारीक.

नर्मदेचा_मिस्त्री
मग पंखा बदलाच. रबराच्या पात्या पाच वर्षं एकाच बाजूला दुमडून राहिल्या की तशाच राहतात. पायाचे बोल्ट सोडा, जुना काढताना पात्या कुठल्या बाजूला वळल्यात त्याचा फोटो काढा आणि नवा तसाच बसवा, साबणाचं पाणी लावून. तेव्हाच गिअर ऑइल बघून घ्या, ताकासारखं पांढरं असेल तर सील गेलंय, पाणी शिरतंय.

बॅकवॉटरवाला
पंखा कुरियरने मागवला, बसवला. गिअर ऑइल काळं निघालं पण ताक नव्हतं, बदललं. काल सकाळी पाण्यात उतरवली, पिचकारी हाताला जोरात लागते आणि कोमट आहे. चुलतभाऊ पहिल्याच दमात फुल रेस करायला लागला त्याला थांबवलं. क्लिप माझ्या मनगटाला. पोराला बाजारातून नवीन किचेन आणून दिलं तर म्हणतो हे नको, मला लालच पाहिजे, कालपासून बोलत नाही माझ्याशी.