मदत हवी आहे: सगळ्या नमुन्यांत एकच हॅप्लोटाइप (डीएनए क्रमाचा प्रकार), आता पुढे काय?

नमस्कार मंडळी. एका आक्रमक (बाहेरून येऊन झपाट्याने पसरणाऱ्या) गोगलगायीचा प्रसार कुठून कुठे झाला, हे डीएनएवरून शोधतोय. सहा तळ्यांतले 58 नमुने घेऊन मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जनुकाचा क्रम काढला, आणि सगळीकडे एकच हॅप्लोटाइप! म्हणजे मोजक्याच गोगलगायी एकदाच आल्या, की एकाच मूळ ठिकाणाहून पुन्हापुन्हा येत राहिल्या? सीओआय फक्त आईकडून येतं, त्यामुळे त्यावरून हे ठरणं अवघड.

नव्या जागी आलेल्या प्राण्यांत जनुकीय विविधता कमीच असणार, असंही गृहीत धरवत नाही. फ्लोरिडातल्या तपकिरी अनोल सरड्यांत ती मूळच्या क्यूबातल्या सरड्यांपेक्षा जास्त निघाली, कारण ते क्यूबाच्या वेगवेगळ्या भागांतून अनेकदा आले होते. हार्लेक्विन लेडीबर्ड (एक ठिपकेदार भुंगेरा) तर मूळची आशियातली, पण उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात जम बसवून तिथूनच दक्षिण अमेरिका आणि आफ्रिकेत पोहोचली. त्यामुळे मधल्या थांब्यांचे नमुने नसतील तर उलटाच निष्कर्ष निघायचा, ही धास्ती आहेच.

आता मायक्रोसॅटेलाइट (डीएनएत ओळीने पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे) वापरू की थेट रॅड सिक्वेन्सिंगने (डीएनए ठरावीक जागी कापून त्यालगतचा क्रम वाचण्याची पद्धत) एसएनपी (डीएनएतले एकेका अक्षराचे फरक) काढू? निम्मे नमुने जुने, अल्कोहोलमधले आहेत. त्यांचा डीएनए तुटका असेल तर रॅड चालेल का? आणि गोगलगायीचा चिकट स्राव डीएनए काढताना फार छळतो, त्यावर सीटीएबीशिवाय (हा स्राव वेगळा काढायला वापरतात ते रसायन) काही उपाय कुणी करून पाहिलाय का?