नववी-दहावीत किरणोत्सार शिकवताना गायगर काउंटर (किरणोत्सार मोजणारं यंत्र) हवाच का?

प्रयोगवाही: हवाच. 'अल्फा कागदाने अडतो, बीटा अॅल्युमिनियमने' ही किरणांच्या प्रकारांची आकृती पाठ होते, पण किरणोत्सार आपल्याभोवती सदैव असतो हे मुलांच्या गावीही नसतं. स्रोत म्हणून कृषी सेवा केंद्रातलं पोटॅश खत पुरतं. त्यातल्या पोटॅशियमपैकी 0.0117 टक्के किरणोत्सारी पोटॅशियम-40 असतं, म्हणजे एक ग्रॅम पोटॅशियममागे सेकंदाला साधारण 31 विघटनं. परवान्याची भानगड नाही. खत पातळ पिशवीत भरून काउंटरच्या नळीला अगदी चिकटवायचं.

फासेवाला: आणि एक मिनिट मोजून मोकळं व्हायचं? समजा नुसत्या खोलीत 20 काउंट (यंत्राने टिपलेले किरण) आले आणि खताजवळ 26. विसाचा चढउतारच साडेचारचा (वर्गमूळ काढा), तेव्हा त्या सहांना काही अर्थ नाही. पुढच्या मिनिटाला आकडे उलटे आले की मुलं म्हणणार, यंत्र बिघडलंय. त्यापेक्षा शंभर फासे टाका, सहा पडलेले 'विघटन झालेले अणू' म्हणून बाजूला काढा, उरलेले पुन्हा टाका. साधारण 3.8 फेऱ्यांत निम्मे उरतात. अर्धायुष्य (निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ) डोक्यात बसतं आणि खर्च जवळपास शून्य.

प्रयोगवाही: मग दहा मिनिटं मोजा की! 200 आणि 260, फरक 60, त्यातली अनिश्चितता 21. आता फरक दिसतो. आणि यादृच्छिकता शिकवायची तर ते उलटेसुलटे आकडेच कामाचे. फाशांमधली शक्यता आपणच ठरवून दिलेली असते.

फासेवाला: तरी दोन खड्डे राहतात. स्वस्त काउंटरच्या पडद्यावर मायक्रोसीव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या मात्रेचं एकक) दिसतं, पण ते बहुधा सीझियम-137 या दुसऱ्या किरणोत्सारी द्रव्याच्या गॅमा किरणांसाठी जुळवलेलं असतं. पोटॅशच्या बीटाला तो आकडा लागूच नाही. त्यावर पट्टी चिकटवा, फक्त काउंट लिहायला लावा. दुसरं, स्वयंपाकघरातली फॉइल मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. पोटॅशियमचा बीटा तिला जुमानत नाही. दोन-तीन मिलिमीटरचा पत्रा लागतो. अल्फा तर या स्रोतात नाहीच, म्हणजे कागदाचा प्रयोग फुकट.

तारापूरकडून: दोघंही काउंटरात अडकलात, ऊर्जा राहिली बाजूला! तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या (1969) साध्या पाण्यावरच्या, म्हणून त्यांना समृद्ध (सहज फुटणाऱ्या युरेनियम-235 चं प्रमाण वाढवलेलं) युरेनियम लागतं. तिसरी-चौथी जड पाण्यावरची, त्यांना नैसर्गिक युरेनियम चालतं, कारण साधं पाणी अणू फोडणारे न्यूट्रॉन जास्त गिळतं. ही तुलना वर्गात झाली की 'भट्टीचा अणुबॉम्ब होतो का?' याचं उत्तर सोपं जातं: बॉम्बला 90 टक्क्यांच्या आसपास समृद्ध युरेनियम लागतं, इथे ते पाच टक्क्यांच्याही आत.

फासेवाला: मान्य, पण तेवढ्यावर थांबलात तर जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्राच्या अपघाताचं काय सांगणार? 2011 मध्ये भूकंप होताच तिथल्या चालू भट्ट्यांमधलं विखंडन (अणू फुटणं) थांबलं होतं. तरीही विखंडनातून उरलेल्या किरणोत्सारी द्रव्यांच्या क्षयाची उष्णता सुरुवातीला पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते आणि ती कळ दाबून थांबत नाही. त्सुनामीने वीज गेली, पंप बंद पडले. हे समजायला फाशांचाच धडा आधी हवा.

प्रयोगवाही: फासे घ्या, पण जोडीला काउंटरही ठेवा. शंभर फाशांना गरम होताना कुणी पाहिलंय?